डायनामो ठेवावा की अल्टरनेटर बसवावा?

जुन्या गाडीत इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा डायनामो काढून त्याच कामाचा, पण नंतरच्या काळातला अल्टरनेटर बसवावा का, हा प्रश्न ज्याला पडतो त्याचं निम्मं मन आधीच तयार झालेलं असतं. माझंही झालं होतं, फक्त डायनामोच्या बाजूने. गाडीत मूळचं जे आलं ते राहावं असा हट्ट होता आणि तो मी सात वर्षं चालवला.

डायनामोबद्दल उगाच वाईट बोललं जातं, म्हणून त्याची बाजू आधी. साठच्या दशकातल्या ब्रिटिश गाड्यांमधला नेहमीचा डायनामो साधारण २२ अँपिअर देतो. मूळचे हेडलाइट, वायपर, इग्निशन, हीटर असं सगळं एकदम लावलं तरी हिशेब त्यात बसतो, जरा काठोकाठ बसतो इतकंच. कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला टेकून करंट घेणाऱ्या कांड्या, झिजले तर घरी बदलता येतात, मागच्या बुशात तेलाचे दोन थेंब सोडले की तो खूश. बॅटरी पार उतरलेली असली आणि गाडी ढकलून सुरू केली, तर पोलादात शिल्लक राहिलेल्या चुंबकत्वावर तो स्वतःचा स्वतः उभा राहतो. अल्टरनेटरला सुरुवातीला बाहेरून थोडा करंट लागतो, आणि तो बहुतेक वेळा डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यातून येतो. मी हौसेने त्या जागी एलईडी लावला होता. त्यातून इतका कमी करंट जायचा की गाडीला जोरात रेस दिल्याशिवाय चार्जिंगच सुरू होईना. बल्ब उडाला तरी हेच होतं, आणि दिवा लागत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं आपण समजत राहतो. ही अल्टरनेटरची खरी खोड आहे. २.२ वॅटचा साधा बल्ब परत लावला आणि ती गेली.

डायनामो आयडलवर, म्हणजे गाडी उभी असून इंजिन मंद फिरत असताना, चार्ज करत नाही, हे तुम्हाला माहीत असणारच. पावसात, रात्री, गर्दीत अडकलात तर हेडलाइट पिवळे पडतात आणि वायपर दमतो. मला त्याचं फारसं काही वाटत नसे. माझं डोकं फिरवलं ते डायनामोचं चार्जिंग आवरणाऱ्या रेग्युलेटरच्या डब्याने.

डब्यात बॅटरीचा करंट उलटा डायनामोत जाऊ न देणारा एक कटआउट आणि एक व्होल्टेज रेग्युलेटर, दोन्ही गुंडाळी आणि पॉइंटवर चालणारे. सेटिंग करायचं तर बॅटरीकडे जाणाऱ्या तारा सोडायच्या, मीटर लावायचा, रेस हळूहळू वाढवत न्यायची आणि काटा सोळा व्होल्टच्या आसपास स्थिर होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. हे सगळं ३० सेकंदांत! जास्त वेळ घेतला तर गुंडाळी तापते आणि आकडा खोटा दाखवते. एक हात स्क्रूवर, दुसरा थ्रॉटलवर, नजर मीटरवर आणि घड्याळ मनात. जमलं म्हणून झाकण लावावं, तर आत ऊब साठून आकडा पुन्हा सरकलेला. उन्हाळ्यात जुळवलेलं थंडीत बिनसायचं. पॉइंट घासून साफ केले की अंतर बदलायचं, मग सगळं पहिल्यापासून. एका हिवाळ्यात मी हे चार वेळा केलं. माझ्यापेक्षा सराईत हात असेल तर त्याला इतका त्रास होणारही नाही, हे मान्य.

मधला मार्गही आहे: डबा जुनाच, आत इलेक्ट्रॉनिक सर्किट. एका मित्राच्या गाडीत पाहिलंय, चांगलं चालतं. स्क्रूची कटकट जाते, आयडलचा प्रश्न तसाच राहतो.

अल्टरनेटरमध्ये हा डबाच लागत नाही. डायोड करंट उलटा जाऊ देत नाहीत, म्हणून कटआउट नको. स्टेटर, म्हणजे आतली स्थिर गुंडाळी, आपला जास्तीत जास्त करंट स्वतःच रोखतो, म्हणून करंट आवरायला वेगळं काही नको. उरतं ते व्होल्टेज, आणि ते नंतरच्या मॉडेलांत आतच बसवलेली एक छोटी चकती सांभाळते. शिवाय डायनामोचा सगळा करंट कॉम्युटेटरवरून, म्हणजे कार्बन टेकतात त्या तुकड्यातुकड्यांच्या तांब्याच्या कड्यावरून जातो, अल्टरनेटरच्या स्लिप रिंगवरून, म्हणजे अखंड कड्यांवरून, फक्त चुंबकत्व तयार करणाऱ्या फील्ड गुंडाळीचे दोन-तीन अँपिअर. त्यामुळे तो जास्त वेग सोसतो, त्याला लहान पुली लावता येते आणि आयडललाही तो काम करतो. अमेरिकेतल्या व्हॅलियंट गाडीत १९६० सालीच अल्टरनेटर आला, एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीत १९६७ च्या अखेरीस. म्हणजे जुन्या गाडीत तो अगदीच परका पाहुणा नाही.

काम मात्र वाटतं तितकं छोटं नाही. गाडी पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब बॉडीला जोडलेली, असेल तर आधी निगेटिव्ह करावी लागेल. कॉइलच्या तारा अदलाबदल करा, जुना रेडिओ आणि इलेक्ट्रिक टॅकोमीटर तपासा. बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब निगेटिव्हपेक्षा जाड असतो, म्हणून क्लॅम्पही नवे लागू शकतात, माझे लागले. ३० अँपिअरचा अँमीटर असेल तर ३६ अँपिअरचा अल्टरनेटर जोडण्याआधी थांबा. चार्जिंगची तार जाड घ्या, जुन्या हार्नेसवर भिस्त ठेवू नका. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढायची सवय असेल तर ती आजच मोडा, डायोड जातात.

गाडी फक्त प्रदर्शनात उभी राहणार असेल, किंवा सकाळी फेरी मारून दुपारी घरी येणार असेल, तर डायनामो काढायची मला तरी गरज दिसत नाही. रात्री चालवत असाल, हॅलोजन लावले असतील, तर मी अल्टरनेटरकडे झुकेन. माझा डायनामो तेल लावून, कापडात गुंडाळून फळीवर ठेवलाय, पुढच्या मालकाला हवा असेल तर. रेग्युलेटरचा डबाही काढला नाही. गुंडाळ्यांच्या जोडण्या सोडवून त्याचा नुसता टर्मिनल ब्लॉक केलाय. झाकण उघडं राहिलं तरी आता काही बिघडत नाही. मी ते लावूनच ठेवतो.