डावीकडे ओढणारी गाडी आणि उद्यमनगरातले मामा

कोल्हापूरच्या ह्या गॅरेजला पाचपैकी साडेचार स्टार द्यायचे होते पण अर्धा देता येत नाही म्हणून चार. अर्धा का कापला ते खाली सांगतो.

आम्ही पुण्यात राहतो, सासुरवाडी कोल्हापूर. गाडी पेट्रोल हॅचबॅक, आठ वर्षं जुनी. गेले तीन आठवडे गाडी डावीकडे ओढत होती, म्हणजे सरळ रस्त्यावर स्टेअरिंग जरा सैल धरलं की हळूहळू डिव्हायडर सोडून शोल्डरकडे निघायची. गावात काही जाणवत नाही, पण पुणे-कोल्हापूर सव्वादोनशेच्या वर किलोमीटर, त्यात सहापदरीच्या कामाची डायव्हर्जन, पोचेपर्यंत उजवं मनगट दुखायला लागलं. मी आपला दोष दिला आधीच्या फेरीत कराडच्या अलीकडे आपटलेल्या एका खड्ड्याला. बायको म्हणत होती त्याच्या आधीपासून ओढतेय, पण ऐकतो कोण.

पुण्यात दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. पहिल्या ठिकाणी एसी वेटिंग रूम, थ्रीडी अलाइनमेंट (मशीनवर चाकांचे कोन मोजणं), सहाशे रुपये, हातात प्रिंटआउट, सगळे आकडे हिरवे, म्हणजे मापात. गाडी बाहेर काढली तर तशीच ओढतेय. परत गेलो तर म्हणे साहेब रोडला स्लोप असतो. दुसऱ्याने गाडी लिफ्टवर घेतली, पाना लावून लोअर आर्म (चाक सांगाड्याला धरून ठेवणारा खालचा दांडा) जरा हलवला आणि दोन्ही लोअर आर्म, त्यांचे रबरी बुश, लेबर असं धरून 6,800 चं एस्टिमेट लिहून दिलं. मी "विचार करून सांगतो" म्हणून सटकलो.

कोल्हापुरात मेव्हण्याने उद्यमनगरातल्या ह्या दुकानात आणलं. दुकान कसलं, पत्र्याची शेड, एक जुनी अलाइनमेंटची मशीन, आणि मालक स्वतःच मेस्त्री, सगळे त्यांना मामाच म्हणतात. मी प्रिंटआउट पुढे केला तर त्यांनी घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "पावणं, आधी मला सांगा, स्टेअरिंग वाकडं राहून गाडी सरळ जातीया, का स्टेअरिंग सरळ असून गाडी वाकडी जातीया?" खरं सांगू, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत म्हणे. टो, म्हणजे चाकांची तोंडं आत की बाहेर वळलीत ते, बिघडला की स्टेअरिंग वाकडं राहतं आणि टायर घासतो, पण गाडी सहसा सतत एका बाजूला ओढत नाही. कॅम्बर (समोरून बघताना चाक आत-बाहेर किती कललंय) किंवा कॅस्टरमध्ये (चाक ज्या आसावर वळतं तो बाजूने बघताना पुढे-मागे किती कललाय) डाव्या-उजव्याचा फरक असला तर ओढते, पण माझ्या गाडीत पुढे फक्त टो सेट करता येतो, बाकी दोन आकडे मशीनवर नुसते दिसतात, फिरवायला बोल्टच नाही. (पूर्वी एकाने माझ्याकडून "कॅम्बर सेटिंग"चे वेगळे पैसे घेतले होते. असो.)

पुढचा प्रश्न, ब्रेक मारल्यावर जास्त ओढते का? नाही म्हटलं. मग एक चक्कर मारून आले आणि चारही रिमपाशी हात नेऊन बघितलं, कुठलं जास्त तापलंय का. कॅलिपर, म्हणजे ब्रेकची पकड, जाम असला तर ते चाक तापतं, करपल्यासारखा वास येतो आणि गाडी त्याच बाजूला ओढते. आणि जाम असा असला की ब्रेक मारल्यावर त्या चाकाला ब्रेकच लागत नाही, तर गाडी उलट दुसऱ्या बाजूला जाते. माझी सगळी चाकं सारखीच गरम होती. हवा बघितली, डावीकडे 32 आणि उजवीकडे 33, म्हणजे तिथेही काही नाही. लोअर आर्मपण हलवून बघितला, म्हणाले बुश म्हातारं झालंय पण मेलेलं नाही, वर्षभर बघायला नको.

मग मला शेजारी बसवून गावाबाहेर एका रुंद रस्त्यावर नेलं. पाणी जावं म्हणून रस्त्याला मधून दोन्हीकडे दोन-अडीच टक्के ढाळ ठेवलेला असतो, आपण डावीकडून चालवतो म्हणून चांगली गाडीसुद्धा जराशी डावीकडे जाते, ते पुण्यातल्याचं अगदीच खोटं नव्हतं. पण मामांनी मागेपुढे कुणी नाही बघून गाडी रस्त्याच्या बरोबर मधोमध धरली, हात सोडला, आणि तिथेही ती डावीकडेच गेली.

"शेवटचं काय बदललं गाडीचं?" असं विचारल्यावर माझी ट्यूब पेटली. पुढचे दोन टायर नवीन टाकले होते, खड्ड्याच्या चार दिवस आधी. बायको मागच्या सीटवरून काही बोलली नाही, नुसतं बघितलं.

शेडमध्ये येऊन मामांनी पुढची दोन चाकं डावी-उजवी अदलाबदल केली. वीस मिनिटांचं काम. परत त्याच रस्त्यावर गेलो आणि गाडी चक्क उजवीकडे ओढायला लागली! म्हणजे खोट टायरमध्ये. नवीन कोरा टायर असा कसा, तर मामांनी चहाचा कागदी कप फरशीवर आडवा करून ढकलला, तो गोल वळत गेला. टायरच्या आतला पट्टा बनवताना थोडा एका बाजूला सरकला की टायर चालताना ह्या कपासारखा वागतो, वरून काही दिसत नाही. मशीनचं काही चुकलं नव्हतं, ती चाकाचे कोन मोजते, टायरच्या पोटात काय आहे ते तिला कळत नाही. (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर अशी अदलाबदल करू नका, ते टायर एकाच दिशेला चालतात.)

उपाय काय केला, नवीन दोन्ही मागे टाकले आणि मागचे निम्मे झिजलेले पुढे. मागे ती ओढ फारशी जाणवत नाही, आणि जास्त गोटी (नक्षी) असलेले टायर मागेच बरे, पावसात गाडीची शेपूट घसरत नाही. एकूण बिल 300 रुपये. अलाइनमेंट करू का विचारलं तर म्हणाले, हिरवी आहे की तुमची, कशाला पैसे घालवताय. येताना खंबाटकी उतरेपर्यंत गाडी दोरीत आली. टायरचा क्लेम टाकलाय, अजून उत्तर नाही.

आता अर्धा स्टार. फोन उचलत नाहीत, एक ते तीन दुकान बंद, बसायला एक मोडकं स्टूल आणि तेही गिऱ्हाइकानं भरलेलं. गुगल पे आहे पण क्यूआर मुलाच्या मोबाईलमध्ये आणि मुलगा जेवायला गेलेला, त्यामुळे सुट्टे पैसे घेऊन जा. आणि शनिवारी जाऊ नका, मामा चारचौघांत सांगत बसतात आणि आपला नंबर राहतो मागे.