दात चमकवायला गेलो आणि हिरड्या मोजून आलो (४ स्टार)

स्टार ४ दिलेत, एक का कापला ते शेवटी सांगतो.

मी सातपूरला कंपनीत, वय ४३, विसाव्या वर्षापासून सिगारेट. दिवसाला आठ-दहा, नाइट शिफ्ट असली की हिशोबच नाही. भाचीचं लग्न होतं, फोटोत दात पिवळे येतात म्हणून बायको मागे लागली. दोन वर्षांपूर्वी असंच दुसरीकडे गेलो होतो, नाव घेत नाही, त्यांनी वीस मिनिटांत पॉलिश मारलं आणि वर व्हाइटनिंगचं पॅकेज गळ्यात मारलं, दात एकदम पांढरेशुभ्र, आणि दीड महिन्यात चहा-सिगारेटने परत होते तसे. हिरड्यांकडे कोणी ढुंकूनही बघितलं नव्हतं.

इथे मॅडमनी आधी विचारलं, सिगारेट किती? म्हटलं चार-पाच. आरसा तोंडात घातला आणि म्हणाल्या, "दादा, खरं सांगा." मग खालच्या पुढच्या दातांची मागची बाजू फोटो काढून स्क्रीनवर दाखवली. टपरीवरच्या चहाच्या पातेल्याचा तळ बघितलाय ना, डिट्टो तेच. कीटण खडबडीत असतं त्यामुळे सिगारेटचा टार त्याला चिकटून बसतो आणि तो ब्रशने निघत नाही, कितीही घासा. (मी घासलंय. लिंबू-मीठ पण करून बघितलंय, त्यावरून वेगळी बोलणी खाल्ली.)

पण खरी गंमत पुढे. एक बारीक काडी, टोकाला मिलिमीटरच्या खुणा, ती दात आणि हिरडीच्या फटीत घालत गेल्या आणि असिस्टंट मुलीला आकडे सांगत गेल्या, दोन, तीन, तीन, पाच. मला वाटलं जास्त रन म्हणजे चांगलं. उजवीकडच्या दाढेला "सात" म्हणाल्या आणि लिहिता लिहिता ती मुलगी एकदा माझ्याकडे बघून परत खाली बघायला लागली, तेव्हा म्हटलं काहीतरी लफडं आहे. तीनपर्यंत ठीक असतं म्हणे, चारपासून पुढे हिरडी दातापासून सुटत चालली असं समजायचं. एक्स-रेमध्ये त्या दाढेभोवतीचं हाड खाली गेलेलं मला पण कळलं, आणि मी काय डॉक्टर नाही.

मी म्हटलं मॅडम, माझ्या हिरड्यांतून तर कधी रक्त येत नाही. हे मी घरी छाती फुगवून सांगायचो हां, बायकोच्या ब्रशला रक्त लागतं, माझ्या नाही! तर मॅडम म्हणाल्या तेच तर आहे. निकोटिनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी पोचतं, त्यामुळे लाली, सूज, रक्त काहीच फारसं दिसत नाही आणि आत आजार आपला चालूच. म्हणजे माझ्या भाषेत, कुत्र्याला झोपेची गोळी दिली आणि मी सगळ्यांना सांगत फिरतोय की आमच्या गल्लीत चोर नाहीत.

मागे अक्कलदाढ काढली होती त्याचंही कोडं इथेच सुटलं. तेव्हा तीन दिवस ओढू नका सांगितलेलं, मी त्याच संध्याकाळी टपरीवर. तिसऱ्या दिवशी कानापर्यंत ठणका, रात्रभर भिंतीला टेकून बसलो होतो. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरायला लागते, ती नीट धरली नाही किंवा निघून आली की हाड उघडं पडतं. नंतर त्यात लवंगेच्या तेलाच्या वासाची पट्टी भरली होती, तो वास आला की अजून पोटात गोळा येतो.

तर ट्रीटमेंट. भूल देऊन हिरडीच्या खालची सफाई, चार वेळा बोलावलं, दुखलं नाही, आवाज मात्र कंपनीतल्या ग्राइंडरसारखा. टाळूवर पांढुरका थर आणि लाल ठिपके होते, ते बहुतेक सिगारेट सोडल्यावर जातात म्हणाल्या, पण जीभ बाहेर काढून कडा, जिभेखाली, गालाच्या आत सगळं तपासलं आणि सांगितलं की पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर वाट बघत बसायचं नाही, सरळ यायचं. व्हाइटनिंगचं मीच विचारलं तर म्हणाल्या आत्ता पैसे घालवू नका. असं बोलणारं क्लिनिक मी तरी पहिल्यांदाच बघितलं.

सोडण्यासाठी १८००-११-२३५६ नंबर दिला, फ्री आहे. तो पाकिटावरच छापलेला असतो, रोज हातात पाकीट आणि मी कधी वाचला नव्हता. तीन महिने झाले, मध्ये दोनदा घसरलो (एकदा लग्नातच, मेव्हण्यामुळे). सोडल्यावर पंधरा दिवसांनी ब्रशला रक्त लागलं, घाबरून फोन केला, तर मॅडम म्हणतात घाबरू नका, हिरड्यांत रक्त परत फिरायला लागलंय, या, बघून घेऊ. परवा परत मोजलं, सातचे पाच झालेत. गेलेलं हाड काही परत येत नाही, दाढ अजून किंचित हलते, टिकेल तितकी टिकेल.

आता कापलेला स्टार. अपॉइंटमेंट सहाची आणि नंबर लागला सात वाजता, दर वेळी. रिसेप्शनवरची मुलगी मला काका म्हणते. आणि पार्किंग नाही, शेजारच्या मेडिकलसमोर गाडी लावली तर तो ओरडतो, गुरुवारी त्याचं शटर बंद असतं, म्हणून मी गुरुवारचीच अपॉइंटमेंट घेतो.