वेगळी आळी, सरकारी यादी की घरचं गाळणं? प्रौढ साइट्सचा बंदोबस्त करायचा तर

सुदामानगरातल्या आमच्या अभ्यासिकेत वायफाय घ्यायचं ठरलं, तेव्हा बैठकीत खजिनदारकाकांनी विचारलं, "या साइट्सना एक वेगळी आळीच का नेमून देत नाहीत? तोंडाशी फाटक लावलं की काम झालं!" आमच्याकडे आठवीपासून स्पर्धा परीक्षेपर्यंतची मुलं-मुली येतात. प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. तशी आळी आहे आणि कधीची वसली आहे, हे सांगितल्यावर बैठक तासभर लांबली. तुम्हालाही घरासाठी, वाचनालयासाठी किंवा सोसायटीसाठी हेच ठरवायचं असेल, तर त्या तासाभरात जे बोलले ते इथे मांडते.

ती आळी म्हणजे 'डॉट ट्रिपल एक्स', म्हणजे साइटच्या पत्त्याच्या टोकाला 'डॉट कॉम'ऐवजी लागणारी शेपूट. इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या 'आयकॅन'कडे 'आयसीएम रजिस्ट्री' या कंपनीने त्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घातले. २००५ मध्ये तत्त्वतः होकार मिळाला, २००७ मध्ये नकार आला, आणि शेवटी मार्च २०११ मध्ये मंजुरी मिळाली. त्याच डिसेंबरात नोंदणी सर्वांना खुली झाली. विरोध दोन्ही टोकांकडून होता. या धंद्यातल्या लोकांना भीती, की आज ऐच्छिक आहे, उद्या सक्तीचं होईल आणि सगळ्यांना एकदम कुलूप लागेल. धार्मिक संघटनांचं म्हणणं, की वेगळं नाव देणं म्हणजे प्रतिष्ठाच देणं.

प्रत्यक्षात सक्ती कधी आलीच नाही. आळी वसली, पण जुनी दुकानं डॉट कॉमच्या भर बाजारात तशीच राहिली. ज्यांचा या विषयाशी काडीचा संबंध नाही, अशा अमेरिकेतल्या विद्यापीठांना मात्र आपलं नाव तिथे भलत्याच्या हाती पडू नये म्हणून पैसे मोजून ते अडवावं लागलं. २०१५ मध्ये 'पॉर्न', 'अडल्ट' आणि 'सेक्स' अशा आणखी तीन शेपट्या आल्या. या चारही बंद करायला खर्च काही नाही. पण मुलांपर्यंत जे पोचतं त्यातलं बहुतेक इतर पत्त्यांवरून येतं, त्यामुळे एवढ्यावर भिस्त ठेवू नका.

मग सक्तीच करा, असं काका म्हणाले. इथे माझा ठाम विरोध आहे. सक्ती आली की आळीत कोणाला ढकलायचं हे ठरवणाराही आला. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकात संततिनियमन आणि लैंगिक आरोग्याबद्दल मराठीत लिहीत होते. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी निकाल विरोधात गेला. तेव्हा अशी सक्तीची आळी असती, तर कर्व्यांचं मासिक तिथेच गेलं असतं. आणि हे झालं एकाच देशात. सगळ्या जगाने 'प्रौढ' या शब्दाची एकच व्याख्या मान्य करणं त्याहून अवघड. इंटरनेट तंत्रज्ञ डोनाल्ड ईस्टलेक यांनी २००४ मध्येच एका तांत्रिक टिपणात हे बजावलं होतं.

दुसरी वाट सरकारी बंदीची. तिचा धागा आमच्याच गावातून निघतो. इंदूरचे वकील कमलेश वासवानी यांनी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बंदीसाठी जनहित याचिका केली. ती चालू असताना, जुलै २०१५ च्या अखेरीस सरकारने ८५७ साइट्स बंद करायला सांगितलं. त्या यादीत काही विनोदी साइट्सही सापडल्या, आरडाओरडा झाला आणि चार-पाच दिवसांत आदेश सैल करावा लागला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ साइट्स बंद झाल्या, तेव्हा एका मोठ्या साइटने लगेच शेपूट बदलून नवा पत्ता उघडला. यादी लांबत जाते, पत्तेही वाढत जातात. लहान मुलांच्या शोषणाच्या मजकुरावर मात्र कठोर बंदीच हवी, त्यात दुमत नाही.

ब्रिटनने जुलै २०२५ पासून साइटच्या दाराशीच वयाची तपासणी सक्तीची केली आहे. तो निर्णय सरकारचा. तुमच्या-माझ्या हातातला नाही, म्हणून इथे सोडून देते.

राहिलं घरचं गाळणं, आणि आम्ही तेच घेतलं. साइटचं नाव टाकलं की तिचा आकडी पत्ता शोधून देणारी जी सेवा असते, तिला डीएनएस म्हणतात. राउटरमध्ये ती बदलून मुलांसाठीची सेवा लावायची. क्लाउडफ्लेअरची १.१.१.३ ही अशीच आहे. मोफत, पाच मिनिटांचं काम, आणि शेपूट कोणतीही असली तरी ओळखीच्या प्रौढ साइट्स उघडत नाहीत. पण एखादी चांगली साइट अडकली तर तिथे आपल्याला सूट देता येत नाही. ओपनडीएनएसच्या घरगुती खात्यात ती देता येते. त्यात आपल्या जोडणीचा आयपी पत्ता, म्हणजे तिचा आकडी पत्ता, बदलला की खात्यात नवा भरावा लागतो, एवढा व्याप आहे. घरी दोनच मुलं असतील तर पहिली पुरे. जिथे पंचवीस जण वेगवेगळे विषय वाचतात तिथे दुसरीच घ्या.

गाळण्याच्या मर्यादाही नीट समजून घ्या. मुलाने मोबाइलचा डेटा चालू केला की राउटर बाजूलाच राहतो. व्हीपीएन, म्हणजे जोडणी दुसऱ्याच वाटेने वळवणारं ॲप, लावलं तरी तेच. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली क्लिप यातलं काहीच अडवत नाही. लहान मुलाच्या फोनमध्ये गूगलचं फॅमिली लिंक हे पालकांच्या देखरेखीचं ॲप वेगळं लावा, आणि ते का लावलं हे त्याला समोर बसवून सांगा. चोरून लावलेलं मुलांना चार दिवसांत कळतं, मग ती पुढचं काहीच सांगत नाहीत.

आम्ही सुरुवातीला टेबलावर वही ठेवली होती: एखादी कामाची साइट उघडत नसेल तर इथे लिहा. महिनाभर कोणी लिहिलं नाही. मग एका मुलीने निघताना हळूच सांगितलं, की पाळीच्या त्रासाबद्दल वाचायचं होतं, ते पान अडकलं, पण वही सगळ्यांसमोर असते. आता दाराशी चिठ्ठ्यांची पेटी आहे. नाव लिहायचं नाही, फक्त साइटचा पत्ता. दर शनिवारी मी ती उघडते.