जुन्या बुलेटच्या चार्जिंगसाठी डी.सी. क्लॅम्प मीटर : सहा महिन्यांच्या वापरानंतर

माझ्याकडे 1971 सालची बुलेट 350 आहे. केंद्र सरकारच्या 2021 सालच्या नियमांनुसार पन्नास वर्षे ओलांडलेली दुचाकी 'विंटेज' ठरते, त्यामुळे वयाने तरी ती त्या मानाला पोचली आहे. मूळची 6 व्होल्टची ही गाडी आधीच्या मालकाने 12 व्होल्टची करून घेतली होती. म्हणजे चेन केसमधल्या अल्टरनेटरची (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राची) कॉइल प्लेट नवी, तिच्यात फिरणारा मॅग्नेट जुनाच, आणि रेक्टिफायर (ए.सी.ची डी.सी. करणारा) व रेग्युलेटर (व्होल्टवर लगाम ठेवणारा) एकाच डबीत असलेले, मेकॅनिक मंडळी ज्याला नुसते 'आरआर' म्हणतात ते युनिट. गेल्या पावसाळ्यापासून तिची बॅटरी दर तिसऱ्या-चौथ्या फेरीला उतरू लागली. पॉइंट आणि कॉइलचे इग्निशन बॅटरीवरच चालत असल्यामुळे बॅटरी उतरली की रात्री दिवा मंद होतो आणि त्यापाठोपाठ इंजिनही फटफटत अडखळू लागते. एका गॅरेजने बॅटरी बदलली, दुसऱ्याने आरआर युनिट बदलले; दोन्ही वेळा आठवडाभर बरे वाटले आणि दुखणे पुन्हा वर आले. तेव्हा भागांवर आणखी पैसे घालण्याऐवजी मी मोजमापावर घालायचे ठरवले आणि पुण्यात तपकीर गल्लीतून 3,400 रुपयांना डी.सी. क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती जबडा मिटून तिच्यातला प्रवाह मोजणारा मीटर, आणला. हे परीक्षण त्या मीटरचे आहे. त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण त्याच साच्यातला मीटर वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. जे गुणदोष सांगतो आहे ते या वर्गातल्या कोणत्याही मीटरला लागू व्हावेत.

सर्वप्रथम एक फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण खरेदीतली सर्वांत मोठी फसगत तिथेच होते. घरगुती वायरिंगचे काम करणाऱ्यांकडे असतो तो स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त ए.सी., म्हणजे सतत दिशा बदलणारा, प्रवाह मोजतो. त्याच्या जबड्यात ट्रान्सफॉर्मरसारखी गुंडाळी असते आणि बॅटरीचा स्थिर प्रवाह तिला जाणवतच नाही. डी.सी. मोजणाऱ्या मीटरच्या जबड्यात हॉल परिणामावर चालणारा, म्हणजे प्रवाहाभोवतीचे चुंबकक्षेत्र थेट ओळखणारा, संवेदक असतो. मीटरवर डी.सी. व्होल्टची खूण दिसली म्हणून तो डी.सी. अँपिअरही मोजतो असे समजून पुष्कळ जण चुकीचा मीटर घरी आणतात. माझा मीटर 60 अँपिअरपर्यंत मोजतो, 0.01 अँपिअरपर्यंतचा आकडा दाखवतो, ट्रू आरएमएस आहे (म्हणजे ए.सी.ची लहर वेडीवाकडी असली तरी आकडा बरोबर देतो), आणि त्याच्यावर हर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाची आवर्तने, मोजण्याचीही सोय आहे. या शेवटच्या सोयीचे महत्त्व मला नंतर कळले.

बुलेटच्या हेडलाइटच्या टोपावर मधोमध शून्य असलेला छोटा ॲमीटर असतो, मग वेगळा मीटर कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. पन्नास वर्षांच्या हादऱ्यांनंतर त्या ॲमीटरचा काटा प्रवाह कोणत्या दिशेला जातो आहे एवढे प्रामाणिकपणे सांगतो, किती जातो आहे ते सांगत नाही. शिवाय बॅटरीत जाणारा सगळा प्रवाह त्याच्या मागच्या दोन नटांमधून जातो, आणि ते नट सैल झाले की मोजणारे यंत्रच बिघाडाचे कारण ठरते. माझ्या गाडीत त्या दोन नटांच्या दरम्यान 0.4 व्होल्टची घट सापडली. नट उघडून, घासून, पुन्हा आवळल्यावर ती 0.05 वर आली. हा शोध मात्र साध्या मल्टिमीटरने लागला, क्लॅम्पने नव्हे.

व्होल्ट मोजून चार्जिंगची परीक्षा करण्याची रूढ पद्धत चुकीची नाही. पूर्ण भरलेली आणि काही तास स्वस्थ ठेवलेली बॅटरी 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते, इंजिन रेस केल्यावर तिच्या टोकांवर साधारण 13.8 ते 14.5 यावेत, आणि 15 च्या वर गेले तर रेग्युलेटर कामातून गेला आहे असे धरावे. 6 व्होल्टच्या गाडीला चार्ज होताना 7 व्होल्टच्या आसपास अपेक्षित असतात. दोन्ही गॅरेजांनी हेच केले होते, आणि थंड इंजिनावर माझ्या गाडीने त्यांना 13.6 व्होल्ट दाखवून निरुत्तर केले होते. अडचण अशी की व्होल्ट हा आकडा बॅटरी किती भरलेली आहे यावरही अवलंबून असतो, आणि त्यावरून अल्टरनेटरमधून निघालेला प्रवाह कुठे किती वाटला गेला हे कळत नाही.

आता माझ्या गाडीचा खर्च पाहा. हेडलाइटचा बल्ब 35 वॅटचा, मागचा दिवा 5 वॅटचा, टोपावरचे दोन छोटे दिवे मिळून 8 वॅटचे, स्पीडोमीटरचा 3 वॅटचा. म्हणजे दिव्यांचेच जवळपास सव्वाचार अँपिअर झाले. इग्निशन कॉइल चालत्या इंजिनावर सरासरी दोनेक अँपिअर घेते. ब्रेक दाबला की 21 वॅटच्या बल्बमुळे आणखी पावणेदोन अँपिअर वाढतात. हे सगळे भागवून बॅटरीत काही उरले तरच तिला चार्जिंग म्हणायचे, आणि ते उरलेले नेमके मोजता येते ही क्लॅम्प मीटरची खरी किंमत आहे. वायर तोडावी लागत नाही, फ्यूज काढावा लागत नाही. बॅटरीच्या वायरीभोवती जबडा मिटला की आकडा समोर येतो आणि त्याच्या चिन्हावरून प्रवाह आत जातो आहे की बाहेर हेही कळते. जबड्यावर दिशेची खूण असते, ती एकदा बघून वायरीवर चिकटपट्टीने बाण काढून ठेवावा. नाहीतर घाईत जबडा उलटा लागतो आणि चांगल्या गाडीला माणूस आजारी ठरवतो.

बुलेटला टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारे यंत्र, नसतो, आणि चार्जिंगच्या चाचण्या तर इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांवर करायच्या असतात. इथे हर्ट्‌झची सोय कामी आली. सहा ध्रुवांच्या मॅग्नेटच्या एका फेऱ्यात ए.सी.चे तीन आवर्त होतात, म्हणून कॉइल प्लेटच्या वायरीवर दिसणाऱ्या हर्ट्‌झला 20 ने गुणले की मिनिटाचे फेरे मिळतात. 150 हर्ट्‌झ म्हणजे 3000 फेरे. केवळ कानाने रेस ठरवणाऱ्याला ही सोय मिळाली की दोन दिवशी घेतलेल्या नोंदींची तुलना तरी करता येते.

थंड गाडीवर 3000 फेऱ्यांना हेडलाइट बंद असताना बॅटरीत 3.1 अँपिअर जात होते, हेडलाइट लावल्यावर 0.7 उरत होते. म्हणजे सारे आलबेल. मग मी कात्रजचा घाट चढून-उतरून आलो आणि इंजिन बंद न करता तीच मोजणी केली. हेडलाइट बंद असताना 0.9, आणि लावल्यावर उणे 2.4. गाडी तापली की अल्टरनेटरचे उत्पादन जवळजवळ निम्म्यावर येत होते, आणि गॅरेजमध्ये गाडी नेहमी थंड झाल्यावरच तपासली जात असल्यामुळे हे कोणाच्या लक्षात येणे शक्यच नव्हते.

उत्पादन निम्मे होणे ही स्वतःच एक खूण आहे. एक तर आरआर युनिटमधला एखादा डायोड (प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आतून तुटून बंद पडला असावा, किंवा ए.सी.च्या दोन वायरींपैकी एक कुठेतरी बॉडीला लागत असावी. युनिट नुकतेच बदललेले होते, म्हणून दुसरी शक्यता तपासली, आणि या मीटरने माझे पैसे वसूल केले ते याच चाचणीत. कॉइल प्लेटमधून येणाऱ्या दोन्ही वायरी मी एकत्र जबड्यात घेतल्या आणि मीटर ए.सी.वर ठेवला. एका वायरीने गेलेला प्रवाह दुसरीने परत येतो, त्यामुळे दोन्ही मिळून आकडा शून्य यायला हवा. शून्य आला नाही तर जेवढा येतो तेवढा प्रवाह तिसऱ्याच वाटेने, म्हणजे इंजिनाच्या केसमधून, परत जात असतो. थंड गाडीवर 0.03 आला होता. तापलेल्या गाडीवर तो 3 ते 5 अँपिअरच्या दरम्यान हेलकावे खात होता.

रेक्टिफायरचे निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते. एक ए.सी. वायर बॉडीला लागली की एका अर्ध्या आवर्तात कॉइल प्लेट एकाच डायोडमधून स्वतःवरच शॉर्ट होते, आणि बॅटरीला फक्त दुसरे अर्धे आवर्त मिळते. मात्र कनेक्टर सोडवून नुसते ए.सी. व्होल्ट मोजले, तर हा दोष गरम गाडीवरसुद्धा लपून राहतो, कारण सोडवलेल्या कॉइलला बॉडीकडून परतीची वाटच उरत नाही आणि व्होल्ट अगदी ठणठणीत येतात. दुसऱ्या गॅरेजने नेमकी हीच चाचणी करून कॉइल प्लेट निर्दोष ठरवली होती, आणि त्यांच्या परीने ते बरोबरच होते.

बुलेटचे चेन केसचे झाकण एकाच मोठ्या नटवर बसलेले असते, ते उतरवून खाली ट्रेमध्ये तेल घेतले. कॉइल प्लेटची वायर जिथे रबरी बुचातून बाहेर पडते तिथे तिचे आवरण तेलाने आणि उष्णतेने कडक होऊन तडकले होते आणि तांब्याच्या तारा केसच्या कडेला टेकत होत्या. थंड असताना मधे बारीकशी फट राहत असावी. उष्णता सोसणारी नळी, नवे बुच आणि नवे गॅस्केट मिळून दोनशे रुपयांच्या आत काम झाले. प्लेट पुन्हा बसवताना मॅग्नेट आणि कॉइल यांच्यात सगळीकडे किमान 0.2 मिलिमीटर फट राहील याची फीलर गेजने खात्री केली. ही फट एका बाजूला संपली तर पुढचा बिघाड आपणच पेरलेला असतो. त्यानंतर तापलेल्या गाडीवर हेडलाइट बंद असताना 2.9 अँपिअर मिळू लागले.

आता मीटरच्या उणिवा. जबडा रिकामा असतानाही आकडा शून्यावरून सरकतो; आधीच्या मोठ्या प्रवाहाने जबड्यात राहिलेले चुंबकत्व आणि मीटर धरण्याची दिशा यांचा त्याच्यावर परिणाम होतो. प्रत्येक मोजणीआधी, ज्या जागी मोजायचे त्याच जागी आणि त्याच दिशेने धरून, शून्याचे बटण दाबावे लागते. हे केले नाही तर 0.3 अँपिअरची चूक सहज होते, आणि जिथे 0.7 अँपिअर बॅटरीत जातो की नाही यावर निदान अवलंबून आहे तिथे ती फार मोठी आहे. स्पार्क प्लगच्या वायरीजवळ नेल्यास आकडे नाचू लागतात. ए.सी. मोजणीची अचूकता माहितीपत्रकात फक्त 400 हर्ट्‌झपर्यंत दिली आहे, ती बुलेटला पुरते. पण काही स्वस्त मीटर 50-60 हर्ट्‌झच्या पलीकडे कसलीच हमी देत नाहीत, आणि अल्टरनेटर तर आयडलिंग सोडले की तिथून पुढेच जातो.

गाडी उभी असताना बॅटरी हळूहळू उतरत असेल तर हा मीटर उपयोगाचा नाही. जुन्या सेलेनियम रेक्टिफायरमधून किंवा ओल धरलेल्या स्विचमधून 20-30 मिलीअँपिअर गळत असतील, तर ते क्लॅम्पच्या आकड्यात होऊ शकणाऱ्या चुकीतच बुडून जातात. त्यासाठी साधा मल्टिमीटर बॅटरीच्या वायरीत मालिकेत जोडावा लागतो, आणि त्या वेळी किल्ली चुकूनही फिरवू नये, कारण पॉइंट मिटलेले असले तर कॉइल तीनेक अँपिअर ओढते आणि मीटरचा फ्यूज उडतो. मॅग्नेट अशक्त झाला आहे का, हेही क्लॅम्पने थेट कळत नाही. त्याला ल्युकस या ब्रिटिश कंपनीची जुनी पद्धतच बरी : ए.सी.च्या दोन वायरींवर 1 ओहमचा जाड रोधक लावून 3000 फेऱ्यांना व्होल्ट मोजायचे. ल्युकसच्या आरएम21 अल्टरनेटरला तिथे किमान 9 व्होल्टची अपेक्षा असते. रोधकात तेव्हा 81 वॅट जिरत असतात, म्हणून तो हातात धरू नये आणि चाचणी काही सेकंदांत आटपावी.

मित्राच्या 6 व्होल्टच्या येझदीवरही मीटर वापरून पाहिला. तिथे अल्टरनेटर नाही, ब्रशचा डायनॅमो (थेट डी.सी. देणारे यंत्र) आणि इंजिन थांबल्यावर त्याला बॅटरीपासून तोडणारा कटआउट असतो, आणि ॲमीटरऐवजी नुसता लाल दिवा असतो. इंजिन बंद केल्याबरोबर बॅटरीच्या वायरीवर उणे 7 अँपिअर दिसले : कटआउटचे पॉइंट चिकटले होते आणि बॅटरी डायनॅमोला उलटा प्रवाह पुरवत होती. निदानाला दोन मिनिटेही लागली नाहीत, मात्र त्याआधी बॅटरी दर रात्री वायर सोडवून ठेवण्यात मित्राचा महिना गेला होता.

ज्याच्याकडे एकही मीटर नाही त्याने आधी चांगला मल्टिमीटर घ्यावा. बॅटरी, अर्थिंग आणि जोडण्या यांचे बहुतेक दोष त्यानेच सापडतात, विशेषतः नव्याने रंगवलेल्या गाडीत, जिथे अर्थिंगच्या वायरीखाली रंगाचा थर तसाच राहिलेला असतो. त्यानंतर, आणि गाडी सांभाळण्याची हौस टिकून असेल तर, डी.सी. क्लॅम्प घ्यावा. घेताना 12 व्होल्टची छोटी बॅटरी आणि 21 वॅटचा बल्ब सोबत न्यावा आणि दुकानातच जबडा लावून पाहावा. पावणेदोन अँपिअरच्या आसपास आकडा आला, आणि जबडा उलटा केल्यावर तोच आकडा उणे चिन्हासह आला, तर पैसे द्यावेत.