दीर्घायुष्याची चार पुस्तकं, उद्यमबागेतल्या टर्नरनं वाचलेली

बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, ३४ वर्षं लेथवर काढली. मशीन बंद पडल्यावर धावाधाव करणारा मालक बघितला आणि दर शनिवारी तेलपाणी करून घेणाराही बघितला. निवृत्त झालो तेव्हा पुण्याच्या लेकीनं म्हातारपणावरची चार पुस्तकं पाठवली, तीन इंग्रजी आणि एक मराठी. आमचं इंग्रजी आयटीआयपुरतं, त्यामुळं डिक्शनरी मांडीवर घेऊन आठ महिने लागले.

‘इकिगाई’ मराठीत आहे, दोन दिवसांत संपलं. जपानच्या ओकिनावा बेटावरचं ओगिमी गाव, तिथल्या शंभरीला टेकलेल्या म्हाताऱ्यांच्या परसबागा, पोट ८० टक्के भरलं की ताटावरून उठायचं. वाचताना बरं वाटतं. माझं घोडं अडलं ते वयापाशी. आमची आई बेळगावजवळच्या, बासमतीसाठी नावाजलेल्या येळ्ळूरला असते. आधार कार्डावर तिची जन्मतारीख १ जानेवारी १९३३. मतदार ओळखपत्र तिला पाच वर्षांनी लहान करतं, रेशन कार्ड आणखी तीन वर्षांनी. तिला विचारलं की म्हणते, “गांधीबाबाला मारलं तवा मी म्हसरं राखायची. आता तूच कर की हिशोब.” हिशोब पंच्याऐंशी-शहाऐंशीवर येतो. उद्या कुणी परदेशी लेखक येऊन नुसतं आधार कार्ड बघेल आणि ‘येळ्ळूरच्या बासमतीचं रहस्य’ लिहून मोकळा होईल!

ही माझीच शंका नाही. सॉल न्यूमन या संशोधकाला २०२४ मध्ये इग्नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं ते याच कामासाठी. शंभरी गाठणाऱ्यांचे आकडे जिथं फुगलेले असतात, तिथं बऱ्याचदा जन्माच्या नोंदी कच्च्या आणि पेन्शनचा घोळ असतो, असं त्याचं म्हणणं. खुद्द जपानात २०१० मध्ये तपासणी झाली तेव्हा कागदावर शंभरीपार असलेल्या २ लाख ३० हजारांहून जास्त लोकांचा पत्ताच लागेना. म्हणून काही परसबाग वाईट ठरत नाही. कुणाला भेट द्यायला पुस्तक छान आहे, एवढंच.

संशोधक डेव्हिड सिंक्लेअरचं ‘लाइफस्पॅन’ (२०१९) मला विक्रेत्याच्या बोलण्यासारखं वाटलं. म्हातारपण हा आजार आहे, तो बरा करता येईल, हा त्याचा दावा. म्हाताऱ्या पेशीला दिलेला चरे पडलेल्या डीव्हीडीचा दाखला झकास आहे: आतलं गाणं शाबूत, फक्त वाचता येत नाही. पुढं मात्र लेखक रोज सकाळी स्वतः काय घेतो ते सांगतो. एनएमएन नावाची पूरक पावडर १ ग्रॅम, घरच्या दह्यात कालवून रेस्व्हेराट्रॉल (द्राक्षाच्या सालीत असतं ते) १ ग्रॅम, शिवाय मधुमेहाचं औषध मेटफॉर्मिन. दही तेवढं आमच्याकडं आहे. याच रेस्व्हेराट्रॉलच्या वाटेवरची त्याची सर्ट्रिस कंपनी २००८ मध्ये ग्लॅक्सो या बड्या औषध कंपनीनं ७२ कोटी डॉलरला घेतली आणि २०१३ मध्ये बंद केली. ट्रायलला एक जॉब (मशीनवर केलेला नग) चांगला निघाला म्हणून कुणी मोठी ऑर्डर घेत नाही, हे आमच्या शॉपमधल्या हेल्परलाही कळतं.

डॉक्टर पीटर अटियाचं ‘आउटलिव्ह’ (२०२३) जाडजूड आहे, पण माझ्या मनासारखं आहे. हृदयविकार, कॅन्सर, स्मृतिभ्रंश आणि मधुमेहाकडं नेणारा बिघाड, हे चौघे दार ठोठावण्याआधी वीस-तीस वर्षं आत काम करत असतात. म्हणून डागडुजी तेव्हापासूनच सुरू करा, असं तो सांगतो. शंभराव्या वर्षी कोणती कामं स्वतःच्या हातानं जमायला हवीत याची यादी तो आजच करायला लावतो: एका हाताच्या आधारानं जमिनीवरून उठणं, लहान मूल उचलणं, बरणीचं झाकण उघडणं. ती यादी घेऊन मी येळ्ळूरला गेलो. आईला काही न सांगता दिवसभर बघत बसलो. जमिनीवरून उठताना एक हात पाटावर, पास. लोणच्याची बरणी, पास. पणतू उचलायला गेली तर सूनबाईच धावत आली, तेवढं राहिलं. मी स्वतः व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला जातो, तिथल्या बारला लोंबकळलो तर २२ सेकंदांत हात सुटले. लेथवरचे हात म्हणून मोठा तोरा होता!

प्रोटीनवर मात्र माझं भांडण आहे. किलोमागं २.२ ग्रॅम धरायचं म्हणे. माझं वजन ६४, म्हणजे दिवसाला १४० ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम धरले तर तेवीस अंडी. हे गणित बायकोला सांगितलं, तिनं हातातलं पिठलं तसंच ढवळत ठेवलं. त्यानं सांगितलेल्या चाचण्यांचा खर्चही आपल्या खिशाला धरून लिहिलेला नाही. सगळ्यात चांगलं प्रकरण शेवटचं. तिथं हा एवढा शिस्तीचा डॉक्टर आपल्या संतापाबद्दल आणि घर मोडायला आलं होतं त्याबद्दल लिहितो. तिथं डिक्शनरी लागलीच नाही.

व्यंकी रामकृष्णन यांचं ‘व्हाय वी डाय’ (२०२४) सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सरळ. चिदंबरमचा जन्म, बडोद्यात शिक्षण, रायबोसोमवरच्या (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावरच्या) कामाला २००९ चं नोबेल. त्यांच्याकडं विकायला गोळी नाही, हे पानोपानी जाणवतं. पेशी आपला कचरा कसा उचलते, प्रथिनांची घडी चुकली की काय होतं, हे वाचताना मला चिप (धातूचा कीस) साचून अडकलेलं मशीन दिसत होतं. रॅपामायसिनची गोष्ट तर दोनदा वाचली. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूतून सापडलेलं औषध. कंपनीनं काम थांबवलं तेव्हा तिथले संशोधक सुरेन सेहगल यांनी ते जिवाणू घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवले. आज मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना ते औषध देतात. उंदरांचं आयुष्य त्यानं वाढतं, पण माणसाच्या बाबतीत लेखक घाई करत नाहीत.

एकच घ्यायचं तर रामकृष्णन घ्या. रोज काहीतरी करायचंय त्यानं अटिया घ्यावं. ‘लाइफस्पॅन’ वाचनालयात मिळालं तर बघा. माझं ‘आउटलिव्ह’ सध्या शहापूरच्या एका दोस्ताकडं आहे. त्याला सांगितलंय, प्रोटीन सोड, शेवटचं प्रकरण आधी वाच.