ॲनिमेचे नऊ महिने : गुणांची फेरतपासणी

मे महिन्यात निकाल लावून हात मोकळे झाले आणि पुण्याहून भाचीनं व्हॉट्सॲपवर ॲनिमेंची, म्हणजे जपानी ॲनिमेशन चित्रपट-मालिकांची, एक यादी पाठवली. "मावशी, यातलं एक तरी बघ, मग खुशाल कार्टून म्हण." मी सांगलीत माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. वय 47. ॲनिमे म्हणजे मुलगा लहानपणी ज्याच्याशिवाय जेवायचा नाही ते डोरेमॉन, एवढीच माझी समज. दूरदर्शनवर दर रविवारी ज्या मोगलीसाठी आम्ही आंघोळी उरकायचो, तो 'जंगल बुक'ही जपानहून आलेला होता हे मला या वर्षी कळलं. गाणं गुलजारांचं, त्यामुळे पोरगा आपलाच वाटायचा.

सवयीनं एक वही केली. काही बघून संपलं की त्याच रात्री दहापैकी गुण आणि खाली दोन ओळींचा शेरा. आता फेब्रुवारी आहे. परवा वही चाळली तर निम्म्या पानांवरचे गुण मलाच पटेनात. काही गोष्टी डोक्यातून पार पुसल्या गेल्यात, आणि ज्यांना मी 'ठीक' म्हणून सोडून दिलं होतं त्या अजून घरात वावरतायत. तेव्हा लाल पेन घेऊन बसले.

सर्वांत मोठी घसरण 'डीमन स्लेअर'ची. त्यातला 'इन्फिनिटी कॅसल' हा चित्रपट सप्टेंबरात मुलाबरोबर थिएटरात पाहिला, हिंदीत. 155 मिनिटं. पाण्याच्या तलवारी, आगीच्या तलवारी, उलटेपालटे होणारे मजले. पोरं शिट्ट्या मारत होती, मला येत असती तर मीही मारली असती. वहीत नऊ गुण. आज आठवायला बसले तर एकटा आकाझा हा राक्षस डोळ्यांपुढे येतो, तोही लढताना नाही. आजारी बापाच्या औषधासाठी चोऱ्या करणारा, मार खाणारा तो लहान पोरगा. बाकी सगळं कपड्यावरच्या रांगोळीसारखं झटकलं गेलं. आता पाच. मुलगा दोन दिवस बोलत नव्हता.

'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'च्या पानावर गुणच नाहीत. इसाओ ताकाहाता यांचा 1988 चा चित्रपट. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या महिन्यांतलं जपानमधलं कोबे शहर, चौदा वर्षांचा भाऊ, चार वर्षांची बहीण आणि गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा. शेऱ्याच्या जागी मी नुसतं 'रात्री झोप नाही' लिहिलंय. तसंच राहू दे. दुसऱ्यांदा बघणार नाही, आणि कुणाला बघू नका असंही सांगणार नाही.

'मॉन्स्टर' अर्धवट राहिली. 74 भाग आहेत. मी तिसाव्यापर्यंत पोचले. जर्मनीतला एक जपानी सर्जन, त्यानं वाचवलेला मुलगाच पुढे खुनी निघतो, आणि डॉक्टर त्याच्या मागावर. विणकाम फार चांगलं आहे हे कळतं. पण दर भागात नवा माणूस येतो, त्याची पूर्ण कहाणी ऐकायची, आणि तो गेला की पुढचा. दिवसभर आठवी-नववीच्या वर्गांत बोलून घसा बसलेल्या बाईला रात्री दहा वाजता एवढी माणसं झेपत नाहीत. दोष मालिकेचा नाही.

आता 'फ्रीरेन'. तेव्हा सात दिले होते, शेरा 'संथ. छान रंग.' हा शेरा लिहिणारीला आज वर्गाबाहेर उभं करावंसं वाटतं.

गोष्ट सुरू होते तीच मुळी मोहीम संपल्यावर. राक्षसांच्या राजाला मारून चौघं परत येतात, दहा वर्षांचा प्रवास झालेला असतो. त्यातली फ्रीरेन ही एल्फ, म्हणजे परीकथांतल्या दीर्घायुषी जमातीतली, हजार वर्षांहून अधिक जगलेली. तिच्या लेखी ती दहा वर्षं म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी. पन्नास वर्षांनी उल्कावर्षाव बघायला ती परत येते, तेव्हा वीर हिमेल म्हातारा, टकला, बुटका झालेला असतो. थोड्याच दिवसांत तो जातो, आणि अंत्यविधीला तिच्या ध्यानात येतं की या माणसाची आपण कधी नीट विचारपूससुद्धा केली नाही. मग उरलेली मालिका ती त्याच जुन्या वाटेनं पुन्हा चालते.

पडद्यावर काळ कसा दाखवतात ते बघा. 'वीर हिमेलच्या मृत्यूनंतर इतकी वर्षं.' सन नाही, शक नाही. पहिल्यांदा मला ही नुसती पाटी वाटली होती. नंतर दिवाळीत गावी गेलो, तिथं सासूबाई कुणाला तरी सांगत होत्या, "अण्णा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी ही विहीर पाडली." मी ताट घेऊन तिथंच थांबले. आमच्या घरातही काळ असाच मोजतात की. कुणाचं लग्न अण्णा असताना, कुणाचं अण्णा गेल्यावर. त्या दिवसापासून फ्रीरेन माझ्यासाठी जपानी राहिली नाही.

आणि तिला जादू गोळा करायचा नाद आहे, तोही कसल्या, तर गोड द्राक्षं आंबट करण्याची जादू! (द्राक्षाच्या जिल्ह्यात राहून ही जादू बघताना काय वाटलं ते विचारू नका. आमच्याकडे ते काम अवकाळी पाऊस करतो.) पहिल्या सीझनच्या 28 भागांतला उत्तरार्ध मात्र जादूगारांच्या परीक्षेत गेलाय. मुलाला तोच भाग जास्त आवडला. मला परीक्षा घरी नकोत. नऊ देते, दहावा गुण त्या परीक्षेनं खाल्ला. नवा सीझन जानेवारीत सुरू झालाय, तो मुद्दाम मागे ठेवलाय.

'सुझुमे'बद्दल थोडं सविस्तर लिहायचंय, आणि शेवटही सांगणार आहे; ज्यांना बघायचाय त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळावेत.

माकोतो शिंकाईंचा हा चित्रपट आपल्याकडे एप्रिल 2023 मध्ये थिएटरात आला होता, मी जुलैत घरी पाहिला. जपानच्या दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावर मावशीकडे राहणारी 17 वर्षांची सुझुमे, ओसाड जागांमधली उघडी दारं आणि ती बंद करत फिरणारा तरुण, ज्याची मध्येच तीन पायांची खुर्ची होते. दार उघडं राहिलं तर भूकंप. क्यूशूहून एहिमे, कोबे, टोकियो करत गोष्ट उत्तरेकडे सरकते, जिथं 11 मार्च 2011 च्या त्सुनामीत सुझुमेची आई गेली. खुर्ची धावताना मला हसू येत होतं. सहा गुण. 'गोंडस पण गोंधळ.'

एव्हाना कान जपानीला सरावले होते. मला एक शोध लागला, भाषेच्या बाईला लागावा असाच. जपानी वाक्याचं क्रियापद आपल्यासारखं शेवटी येतं. इंग्रजी सबटायटल ते आधीच सांगून मोकळं होतं, म्हणजे पात्र अजून अडखळतंय आणि खाली निकाल जाहीर. वाक्याच्या शेपटीला ते 'ने' लावतात, ते हुबेहूब आपलं 'ना'. आणि घरातून निघताना म्हणतात 'इत्तेकिमासु'. सबटायटलमध्ये नुसतं 'निघते' अशा अर्थाचं इंग्रजी येतं. पण शब्दाचा अर्थ आहे 'जाऊन येते'. घरातला माणूस उत्तर देतो 'इत्तेराश्शाय', 'जाऊन ये'. आपल्याकडे 'जाते' म्हटलं की आजी कशी डाफरायची, 'येते म्हण!' तेच हे. हे ध्यानात आल्यावर नोव्हेंबरात 'सुझुमे' पुन्हा लावला. शेवटचं दार बंद करायच्या आधी त्या गावातल्या माणसांचे आवाज ऐकू येतात, त्या सकाळचे. शाळेला निघालेले, कामाला निघालेले, एकामागून एक, 'इत्तेकिमासु', 'इत्तेकिमासु'. येतो. येते. भूकंप दुपारी झाला. जुलैत मी हा प्रसंग इंग्रजीत वाचला होता, म्हणून कोरडी राहिले. या वेळी चित्रपट थांबवून गॅलरीत जाऊन उभी राहिले. चित्रपटाचा शेवटचा शब्द आहे 'ओकाएरी', परत आलेल्याला म्हणतात तो. 'आलास?' त्यातलं सगळं त्या एका शब्दात. साडेनऊ.

म्हणूनच डब की सबटायटल या भांडणात मी सबटायटलवाली. हिंदी डब थिएटरात चालून जातो, पण घरी मूळ आवाजच लावा. सुरुवातीला वाचण्याच्या नादात चित्रं निसटतात. मला तीन आठवडे लागले. मोबाइलवर बघू नका, अक्षरं बारीक. मी पाहिलेल्या एकाही मालिकेला मराठी सबटायटल नव्हतं. आणि एका ॲपनं, नाव घेत नाही, आम्ही वर्गणी बंद केल्यावरही दोन महिने पैसे कापले. तेव्हा कार्डाच्या मेसेजवर लक्ष ठेवा.

'मार्च कम्स इन लाइक अ लायन' मी शोगीसाठी लावली. आमच्या सांगलीत बुद्धिबळाचं वेड जुनं, आणि शोगी म्हणजे त्याचा चुलतभाऊ. 81 घरं, आणि खाल्लेलं मोहरं आपल्या बाजूनं पुन्हा पटावर उतरवता येतं. मालिका ऑक्टोबर 2016 मध्ये सुरू झाली. त्याच महिन्यात खऱ्या जपानात फुजिई सोता 14 व्या वर्षी व्यावसायिक खेळाडू झाला. मालिकेतला रेई 17 वर्षांचा, अपघातात घरची सगळी गेलेली, नदीकाठच्या रिकाम्या खोलीत एकटा. त्याला जेवायला ओढून नेणाऱ्या तीन बहिणी आणि मिठाईचं दुकान चालवणारे त्यांचे आजोबा. डाव मला फारसे समजले नाहीत, आणि तशी गरजही पडली नाही.

दुसऱ्या सीझनमध्ये मधली बहीण हिनाता वर्गातल्या एका मुलीची बाजू घेते. ती मुलगी शाळा सोडून जाते, आणि सगळा वर्ग हिनातावर उलटतो. तिच्याशी कुणी बोलत नाही, फळ्यावर काहीबाही लिहिलेलं. आणि वर्गशिक्षिका. तिला दिसतंय, पण ती बघत नाही. उलट हिनातालाच समजावते. मी हा भाग बघत होते तेव्हा समोर नववीच्या वह्यांचा गठ्ठा होता. त्या बाईंचा राग यायला हवा होता. मला तिचे खांदे ओळखीचे वाटले. वर्षाच्या शेवटी, साठेक मुलं, वरून माहिती भरायचे तक्ते, आणि मनात एकच, एवढी बॅच सुखरूप बाहेर पडू दे. ती शेवटी कोसळते, आणि वरिष्ठ शिक्षक कोकुबू वर्ग हातात घेतात. तेही जादूगार नाहीत. छळणाऱ्या मुलीसमोर ते बसून राहतात, विचारत राहतात, आणि ती मुलगी काही रडून सुधारत वगैरे नाही. 'सात. शेवटचे भाग लांबले,' असं मी ऑगस्टमध्ये लिहिलं होतं. सप्टेंबरात मी माझ्या वर्गातली बाकांची रचना बदलली. का ते इथं लिहिणार नाही, ती मुलगी अजून माझ्या वर्गात आहे. दहापैकी दहा.

राहता राहिली 'विनलँड सागा'. पहिला सीझन सूड, जहाजं, कुऱ्हाडी. आठ दिले होते, आता सहा. दुसरा सीझन वेगळाच. डेन्मार्कमधलं एक मोठं शेत, आणि सगळं गमावलेला थोरफिन तिथं गुलाम. तो आणि दुसरा गुलाम एनार जंगल तोडून जमीन काढतात. बुंधे उपटतात, घोडा उसना आणून नांगरतात, गहू पेरतात. चोवीस भागांत बराच काळ एवढंच. मुलगा तिसऱ्या भागात उठून गेला. सासरे आले.

सासरे 78 वर्षांचे, जन्म पलूसकडच्या शेतीत गेला. पाणी प्यायला म्हणून आले आणि बुंध्याची मुळं तोडताना बघून उभेच राहिले. "घोड्यानं नांगरतात होय! बैल नाहीत त्यांच्यात?" मग खुर्ची ओढली. त्यांना इंग्रजी येत नाही, मी सांगत गेले. उगवलेल्या गव्हाची कुणीतरी नासधूस करतं त्या भागाला त्यांनी मला थांबवलं, म्हणाले, "सांगू नको, कळलं." पुढचे सगळे भाग आम्ही दोघांनीच पाहिले, रोज एक, बातम्यांनंतर. दुसऱ्या सीझनचे गुण सहावरून नऊ.

परवा मी वही घेऊन बसले होते तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या पोरांना जमीन मिळाली का गं शेवटी?"

"नाही बाबा, ते समुद्रापलीकडे दुसरी शोधायला निघाले."

"ते झालं. पण तो गहू? कापला का त्यांनी?"

मला आठवेना. आज रात्री पुन्हा लावून बघणार आहोत.