ओरांडा सांगून सायप्रिनस गळ्यात मारले: गोल्डफिश बायबॅकवाल्यांपासून सावध राहा

“ताई, ओरांडाची पिल्लं आहेत, कोलकात्याचा माल. तुम्ही फक्त वाढवा, तीन महिन्यांनी नगाला ४० रुपये देऊन आम्हीच उचलू.” ओरांडा म्हणजे शोभेच्या गोल्डफिशची एक जात. इमू झाले, कडकनाथ झाले, ही बायबॅकची, म्हणजे वाढवलेला माल परत विकत घेण्याची भाषा आपल्याला नवी नाही. तरी मी पैसे भरले, कारण पिल्लं विकणाऱ्या या माणसाला विषय येत होता. अंड्यातून निघालेलं पिल्लू दोन-तीन दिवस काचेला चिकटून पोटातल्या पिशवीवर जगतं, पोहायला लागलं की आर्टेमिया हे बारीक जिवंत खाद्य द्यायचं, आणि गोल्डफिशची पिल्लं आधी मळकट तपकिरीच असतात, रंग नंतर चढतो. हे सगळं खरं आहे. म्हणूनच त्यानं दिलेल्या तपकिरी पिल्लांवर कुणालाही संशय आला नसता.

२,००० पिल्लांचे २४,००० रुपये, टाक्या-पंप-फिल्टरचे ११,५००, कराराची अनामत ५,०००.

महिनाभरात शेपट्या दिसू लागल्या. ओरांडाची शेपूट दुहेरी असते, ही सगळी एकेरी. मग तोंडाशी बारीक मिशा दिसल्या. तिथेच सगळं कळायला हवं होतं! गोल्डफिशला मिशा नसतात, कोणत्याच जातीला, कोणत्याच वयात. मी फोटो पाठवून विचारलंसुद्धा. तो म्हणाला, “लहानपणी असतात, गळतात. रंगाचं खाद्य सुरू करा.” त्या खाद्याचे आणखी ६,५०० घेतले. ज्याच्याकडून माल घेतला त्याला विचारायचं नाही तर कुणाला? पण विचारायचं असेल तर तिसऱ्याला विचारा, विकणाऱ्याला नाही. आमच्या नात्यातल्या एका शेततळेवाल्यानं टाकीत डोकावताच सांगितलं, “हे सायप्रिनस आहेत.” म्हणजे तळ्यात खाण्यासाठी वाढवतात तो साधा कार्प मासा. ही मत्स्यबीज केंद्रात लाखाच्या हिशोबानं मिळतात. मी त्यांना नगाला १२ रुपये मोजले, रात्री उठून पाणी बदललं.

एकूण ४७,००० गेले.

पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, “माशांचा व्यवहार आहे, दिवाणी बाब, ग्राहक आयोगात जा.” शंभराच्या स्टॅम्पवर खोट्या मालाचा करार करून पैसे घेणं दिवाणी कसं? मत्स्यविभागाच्या कार्यालयात गेले तर “योजनेत नोंदणी आहे का?” नाही, म्हणून अर्ज टेबलावरून परत. बँकेत ऐकवलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. पुन्हा ठाण्यात गेले तर आरोपी दुसऱ्या जिल्ह्यातला, तिकडे तक्रार द्या. तिकडे फोन केला तर जिथे पैसे भरले तिथे द्या. एकाही साहेबानं तो करार उघडून वाचला नाही. बाईमाणूस घरी मासे पाळते म्हणजे छंद, आणि छंदात गेलेला पैसा यांच्या लेखी पैसाच नाही!

कायदा असा नाही. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येते, गुन्हा कुठेही घडला तरी कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, आणि ठाण्यानं नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टानं पाठवता येते. मी पाठवली आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच कळवा, माझ्यासारखी वाट पाहत बसू नका.

पिल्लं घेताना आई-बापाची जोडी टाकीत समोर दाखवा म्हणा, फोटो नको. शेपूट वरून पाहता येईल इतकी मोठी झाल्याशिवाय जातीचे पैसे देऊ नका. परत घेण्याचं आश्वासन देणाऱ्यानं आधी कुणाकडून माल उचलला, त्या माणसाशी स्वतः बोला. आणि असे मासे गळ्यात पडलेच तर रागानं नदीत सोडू नका, सायप्रिनस परका मासा आहे, आपल्या देशी माशांचं नुकसान करतो.

याच योजनेत ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी आपापल्या ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.